घरीचभाऊ

सेवाग्रामला आमच्या शेजारी राहणाऱ्या माणसाचं खरं नाव रेशन कार्डावर आहे. ते तिथंच राहू द्यावं. गावात त्यांना सगळे घरीचभाऊ म्हणतात. त्यांना कोणतीही वस्तू दाखवा. ते ती हातात घेतात, उलटी करतात, तळाला स्क्रू आहेत का ते पाहतात आणि म्हणतात, "हे कायले इकत आणलं, सर? घरीच होते नं!"

आता 'होते' हा शब्द मोठा लबाड आहे. वऱ्हाडीत त्याचा अर्थ 'होऊ शकतं', आणि पुस्तकी मराठीत तो भूतकाळ. घरीचभाऊंच्या हाती लागलेल्या वस्तूंच्या बाबतीत दोन्ही अर्थ ओळीनं खरे ठरतात. त्यांच्या घरी मिक्सर होते, म्हणून त्यांनी पायानं चालणारा मिक्सर केला. आता त्यांच्या घरी मिक्सर होते. स्वयंपाकघराच्या छतावर जवसाच्या चटणीचं एक नक्षत्र तेवढं उरलंय.

यात सगळा दोष त्यांचा नाही. गावच तसं आहे. १९३६ साली गांधीजी इथं राहायला आले तेव्हा गावाचं नाव शेगाव होतं. टपाल गजानन महाराजांच्या शेगावला जाऊन पडायचं, म्हणून १९४० साली 'सेवाग्राम' हे नाव घेतलं. ज्या गावानं आपलं नावसुद्धा घरीच करून घेतलं, त्या गावात माणसानं चप्पल विकत आणावी तरी कोणत्या तोंडानं? आश्रमाच्या कुट्या मातीच्या, बांबूच्या, कवेलूच्या. आसपास मिळेल त्यातून उभ्या केलेल्या. आठ किलोमीटरवर वर्ध्याला मगन संग्रहालय. १९३८ पासून तिथं चरखे, घाण्या आणि ग्रामोद्योगाची अवजारं मांडलेली. घरीचभाऊ चौथीत असताना शाळेच्या सहलीत तिथं गेले होते. वहिनींचं म्हणणं, ते अजून पुरते परत आलेले नाहीत.

तर, पेडल.

भाऊंचा पोट्टा इंजिनिअरिंगला होता. त्यानं कुणा ऑर्केस्ट्रावाल्याकडून जुनी इलेक्ट्रिक गिटार आणि गुडघ्याएवढा ॲम्प्लिफायर स्वस्तात मिळवला होता. एका संध्याकाळी ओट्यावर त्यानं विषय काढला. "बाबा, एक डिस्टॉर्शन पेडल पाहिजे. पंधराशे रुपये."

"थे काय करते?"

"आवाज फाडते."

आबाजी, म्हणजे भाऊंचे वडील, तेव्हा पंचाऐंशीचे. ते बाजेवर पडून ऐकत होते. म्हणाले, "आमच्या टायमाले भोंगा फाटला तर दुरुस्तीले नेत होतो. आता फाडाचे पैसे देऊन राहिले!"

पोट्ट्यानं मग इतिहास सांगितला, आणि तो खराच आहे. अमेरिकेत नॅशव्हिलला, १९६१ साली गाजलेल्या 'डोन्ट वरी' नावाच्या गाण्याचं रेकॉर्डिंग चाललं असताना मिक्सिंगच्या यंत्राचा एक चॅनल बिघडला आणि बास गिटारचा आवाज पार खरखरीत, फाटका आला. कुणाला तरी तोच आवडला, आणि त्यांनी तो तसाच ठेवला. त्या रेकॉर्डिंगच्या इंजिनिअरनं पुढं हा बिघाड मुद्दाम करणारं सर्किट जुळवलं, आणि १९६२ मध्ये गिब्सन कंपनीनं ते पायानं दाबायच्या डबीत भरून विकायला काढलं. तीन वर्षांनी रोलिंग स्टोन्सच्या 'सॅटिस्फॅक्शन'मध्ये त्या डबीचा आवाज जगभर गेला. तिकडं लंडनमध्ये १९६४ साली किंक्सच्या डेव्ह डेव्हिसनं तर स्पीकरच्या कागदी पडद्यावर ब्लेड मारून हाच आवाज काढला होता.

"ब्लेडनं?" भाऊंचे डोळे चमकले. "म्हणजे घरीच केलं नं त्यानं!"

पंधराशे रुपये त्या क्षणी मेले.

दुसऱ्या दिवशी भाऊ सायकलवर वर्ध्याला गेले. तिथं दुकानात "पेडलचे पार्ट आहेत का?" म्हणून विचारलं, तर दुकानदार म्हणाला, "सायकलचे का शिलाई मशीनचे?" गिटारचे म्हटल्यावर त्यानं भाऊंना आधी पाणी दिलं.

रात्री भाऊंनी नवी वही काढली. त्यांच्याकडे प्रत्येक उद्योगाची वेगळी वही असते. डावीकडे खर्च, उजवीकडे जमा. पहिल्या पानावर त्यांनी अटी लिहिल्या, आणि त्या थेट चरख्याच्या उचलल्या. १९२९ साली अखिल भारतीय चरखा संघानं सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचं बक्षीस जाहीर केलं होतं. त्या चरख्याची किंमत दीडशे रुपयांच्या आत हवी, तो खेड्यातल्या झोपडीत हातानं किंवा पायानं चालावा आणि दुरुस्त करत वीस वर्षं टिकावा, अशा अटी होत्या. "पाहा सर," भाऊ म्हणाले, "पायानं चालावा. पेडलच झालं नं!"

"पण भाऊ, सेवाग्रामात इलेक्ट्रिक गिटार म्हणजे..."

"बापूंच्या आश्रमात व्हाइसरॉयनं टेलिफोन बसवून देल्ला होता. विजेचं वावडं नव्हतं त्यायले." यावर बोलण्यासारखं काही नव्हतं. तो फोन खरंच तिथं होता.

पहिला नमुना तीन दिवसांत तयार झाला. त्याला ना वीज, ना बॅटरी. भाऊंनी आपल्या पेटी चरख्यावरचं सूत घेतलं आणि गिटारच्या घोडीवर, तारेखाली, त्याचा एक तुकडा सरकवला. तंबोऱ्याला जवारी काढताना दोरा सरकवतात, तसा. तार घोडीवर नुसती टेकून न राहता थरथरत घासू लागली आणि खरोखर झणझणीत, केसाळ असा आवाज आला. तारेच्या मुख्य सुरासोबत वरचे बारीक सूर जागे झाले. मी भजनी मंडळात तंबोरा धरतो. मला तो आवाज अगदी घरचा वाटला. शुद्ध सुरात थोडी खरखर मिसळली की तो भरतो, हे मिरजेच्या कारागिरांना ठाऊक होतं. नॅशव्हिलला ते कळायला यंत्र बिघडावं लागलं. भाऊंनी वहीत लिहिलं : 'पेडल क्र. १. खर्च ०. वीज ०. आयुष्य : सूत तुटेपर्यंत.'

पोट्ट्यानं एकदा वाजवून पाहिलं आणि गिटार खाली ठेवली. "बाबा, हे तर भजन वाटून राहिलं."

मग भाऊ विद्युत युगात आले. कुठूनतरी त्यांनी १९६६ सालच्या 'फझ फेस' नावाच्या पेडलचा नकाशा मिळवला. गोल, वेळणीएवढं ते पेडल जिमी हेंड्रिक्स वापरायचा. नकाशा पाहून भाऊ हर्षानं उठून उभेच राहिले. सगळे मिळून अकरा भाग : दोन ट्रान्झिस्टर, चार रेझिस्टन्स, तीन कंडेन्सर आणि दोन व्हॉल्यूम कंट्रोल. "अकरा! आमच्या सायकलच्या घंटीत याच्याहून जास्त आहेत!" अडचण एकच होती. ट्रान्झिस्टर जर्मेनियमचे हवे होते, आणि दुकानात सगळा माल सिलिकॉनचा. जर्मेनियमचे ट्रान्झिस्टर साठ-सत्तरच्या दशकातल्या रेडिओंत असायचे.

आम्हा सगळ्यांची नजर एकाच वेळी आबाजींच्या खोलीकडे गेली. फक्त आबाजींची गेली नाही, कारण ते रेडिओच ऐकत होते.

तो रेडिओ म्हणजे कातडी पाकिटातला, खांद्याला अडकवायचा. आबाजींनी तो नोकरीतल्या पहिल्या बोनसवर घेतला होता. पोस्टात पैसे भरून काढलेल्या त्याच्या लायसनचं पुस्तकही त्यांच्या पेटीत होतं. रेडिओ अलीकडे खरखरायचा, मधेच बसायचा, थाप मारली की उठायचा. भाऊ म्हणाले, "आबाजी, जरा साफ करून देतो." आपल्याकडे या वाक्यानं जेवढ्या वस्तू गेल्या, तेवढ्या चोरीनं गेल्या नसतील.

त्या रात्री मी टॉर्च धरायला होतो. घरीचभाऊंच्या उद्योगात शेजाऱ्याला एवढंच पद मिळतं. रेडिओ ताटात पालथा पडला होता. त्याच्या पाटीवर एका कोपऱ्यात दोन ट्रान्झिस्टर होते. पेन्सिलच्या बुडाएवढे, पत्र्याच्या टोपीचे, एसी १२८. भाऊंनी आयर्न तापवलं, टोक राळेत बुडवलं. राळेचा धूर देवघरातल्या धुपासारखा वर गेला आणि वहिनींनी आतून विचारलं, "आता काय जाळलं, बाप्पा?" सोल्डरचा थेंब पाऱ्यासारखा लकाकला आणि एकेक पाय मोकळा झाला. भाऊ चिमट्यानं ट्रान्झिस्टरचे पाय धरून होते. जर्मेनियमला उष्णता सोसत नाही; आयर्नची धग चिमट्यानं प्यावी लागते. थोडी धग भाऊंच्या अंगठ्यानंही प्यायली.

"पण भाऊ, यानं आवाज फाटतो कसा?"

त्यांनी आयर्न खाली ठेवलं. कारागिरीइतकंच त्यांचं शिकवण्यावरही प्रेम आहे. "सर, पायलीनं ज्वारी मोजताना पाहिली नं? भरत गेलं का वर शीग येते. मंग हात फिरवला का शीग सपाट. ट्रान्झिस्टर गिटारच्या बारक्या लाटेले भरत जाते, भरत जाते. पण पायली केवढी? नऊ व्होल्टच्या बॅटरीएवढी. वरची शीग कापल्या जाते. लाटेचं डोकं गोल होतं, थे सपाट झालं. गोल डोक्याचा आवाज गोड, सपाट डोक्याचा आवाज..." त्यांनी पोट्ट्याकडे पाहिलं. "असा."

डिस्टॉर्शनवर याहून सोपं कुणी सांगितल्याचं मी ऐकलेलं नाही.

खोक्यासाठी वहिनींचा जर्मनचा डबा गेला. ॲल्युमिनियमला आपल्याकडे 'जर्मन' का म्हणतात कोण जाणे. पण जर्मेनियमला ते नाव मात्र जर्मनी देशावरूनच पडलं, १८८६ साली. "डबा जर्मन, ट्रान्झिस्टर जर्मेनियम. कुंडली जुळली!" भाऊ म्हणाले. ड्रिलचे तीन बिट मोडले. संध्याकाळी आश्रमात पिंपळाखाली प्रार्थना सुरू होण्याच्या वेळेला ड्रिल बंद ठेवायचं, हा भाऊंचा नियम. आवाज तिथवर जात नाही. पण नियम म्हणजे नियम.

जोडणी झाली, बॅटरी लावली, आणि डबा मुका. दोन दिवस मुका. तिसऱ्या रात्री भाऊंनी दार ठोठावून मला उठवलं. "सर! हा उलट्या खोपडीचा आहे! याची धन बाजू जमिनीले पाहिजे!" खरंच, एसी १२८ची जात तशीच असते, बहुतेकांची ऋण बाजू जमिनीला, याची धन. बॅटरी फिरवली. पोट्ट्यानं तार छेडली आणि ॲम्प्लिफायरमधून जो आवाज निघाला, त्यानं गोठ्यातली गाय उठून उभी राहिली. पोट्टं आनंदानं बापाच्या गळ्यात पडलं. असं ते दहावीच्या निकालालाही पडलं नव्हतं.

आबाजींनी मात्र रिकामा रेडिओ पाहिला आणि मुलाशी बोलणं बंद केलं. चहा हवा असला तरी ते सुनेला सांगायचे, "त्याले म्हणा, सरक जरा."

जानेवारीत वर्ध्याला गॅदरिंग. स्टेज मोठं, ॲम्प्लिफायर लांब. म्हणून वीस फुटांची केबल हवी होती. गिटारची केबल जाळीच्या वेष्टनाची असते, आणि अर्थातच महाग. "केबल? घरीच होते नं!" भाऊंनी दाराच्या घंटीच्या वायरीला दोन टोकांना दोन जॅक लावले आणि काम संपलं. पोट्ट्यानं पहिलं गाणं फाडून वाजवलं. टाळ्या पडल्या. मग दुसऱ्या गाण्याआधी सभागृह शांत झालं, पोट्ट्यानं तारांवरचा हात काढला, आणि स्टेजवरून एक संथ, समजूतदार आवाज सांगू लागला की हरभऱ्यावरच्या घाटेअळीसाठी शेतकरी बांधवांनी शेतात पक्षिथांबे उभारावेत.

क्षणभर कुणाला काही समजेना. मग मागच्या बाकांवरून अशी शिट्टी आली की बस्स. वन्स मोअर पडला, तो घाटेअळीला.

कारण साधं होतं, आणि भाऊंना ते घरी पोचायच्या आधीच सायकलवर कळलं. आकाशवाणी नागपूरचं केंद्र ५८५ किलोहर्ट्झवर, तीनशे किलोवॅटच्या ताकदीनं बोलतं. अंतर जेमतेम पाऊणशे किलोमीटर. घंटीची उघडी वायर म्हणजे वीस फुटी एरियल. ट्रान्झिस्टरचा पहिलाच सांधा रेडिओच्या लहरीतून आवाज सोलून काढतो, आणि पुढचं सर्किट तो मोठा करतं. जन्मभर रेडिओत राबलेले ते दोन ट्रान्झिस्टर. डबा बदलला म्हणून काय त्यांनी धंदा सोडावा?

उपाय दहा मिनिटांचा होता. तोंडाशी शंभर पिकोफॅरडचा, तांदळाएवढा कंडेन्सर टाकायचा की रेडिओच्या लहरी परस्पर जमिनीत जातात. शिवाय जाळीची केबल आणायची. भाऊ आयर्न तापवून बसले. मी टॉर्च धरली. केबल लांबवर पसरली होती, ॲम्प्लिफायर चालू होता, आणि त्यातून बारीक आवाजात बातम्या लागल्या होत्या.

आबाजी काठी टेकत दारात आले. बराच वेळ उभे राहिले. मग महिन्याभरात पहिल्यांदा थेट मुलाशी बोलले.

"त्याले हात नको लावू."

त्या दिवसापासून पेडल, ॲम्प्लिफायर आणि केबल आबाजींच्या खोलीत गेलं. गिटारही गेली, कारण ती काढली की घूंऽऽ असा घुमारा वाढायचा. हा घुमारा घरातल्या विजेचा, पन्नास हर्ट्झचा. गिटारच्या तारांवर हात ठेवला की तो खाली बसतो. मी सकाळी दूध घेऊन जाताना खिडकीतून रोज पाहायचो : पंचाऐंशी वर्षांचे आबाजी, धोतर, बंडी, मांडीवर लाल इलेक्ट्रिक गिटार, डावा पंजा सहा तारांवर सपाट, डोळे मिटलेले, आणि समोर सकाळच्या बातम्या. बातम्या संपल्या की ते हात उचलायचे, घूंऽऽ व्हायचं, आणि ते "हाव, हाव" म्हणून पुन्हा हात ठेवायचे. पंतप्रधानांचा आवाजही त्या पेडलमधून थोडा फाटकाच यायचा. आबाजी म्हणायचे, "आता खरा वाटते."

मे महिन्यात पेडल बसलं. पारा ४५ला टेकला की जर्मेनियमला तोल सावरत नाही. दर आठ-दहा अंशांमागं त्याची आतली गळती दुप्पट होते. दुपारी बारानंतर बातम्या घशात अडकायच्या, दोनला गप्प. भाऊंनी वहीत टीप केली : 'हे पेडल रब्बीचं आहे.' आबाजींनी त्यावर तोडगा काढला. ते डब्याभोवती ओलं फडकं गुंडाळून तो वाळ्याच्या ताट्यांच्या कूलरपुढं ठेवू लागले. पाणी आत जाईल म्हणून भाऊ ओरडायचे. पण आता त्या ओरडण्याला उत्तर द्यायला तरी आबाजी त्यांच्याशी बोलत होते.

पोट्ट्यानं सुट्टीत शिकवण्या घेतल्या आणि पंधराशेचं तयार पेडल मागवलं. कुरिअर आलं तेव्हा तो वर्ध्याला होता. परतला तेव्हा पेडलच्या तळाचे चार स्क्रू बशीत होते आणि भाऊ भिंग लावून आत पाहत होते. "काई नाई बे," ते म्हणाले, "शीग कापाले दोन डायोड टाकले यायनं. सिलिकॉनचे. उन्हाले दाद देत नाई ते." मग जरा थांबून, हातातलं पेडल उलटसुलट करत, "घरीच होते नं हे," असं पुटपुटले. पोट्ट्यानं पेडल ओढून घेतलं आणि मित्राच्या खोलीवर नेऊन ठेवलं. ते अजून तिथंच आहे, म्हणून चालू आहे.

परवा भाऊंनी मला ती वही दाखवली. डाव्या बाजूचा हिशेब असा :

वर्धा, नऊ खेपा, सायकलने : ०
पंक्चर, दोन : ४०
नागपूरची सीताबर्डी, दोन खेपा, तिकीट आणि तर्री पोहे : ४१०
सोल्डरिंग आयर्न (एक जळालं, एक नवं) : ३६०
ड्रिलचे बिट, तीन : १५०
जॅक, कंट्रोल, बटण, बॅटऱ्या : ४८०
रेझिस्टन्स, कंडेन्सर : ३८
अंगठ्याचं मलम : २५
ट्रान्झिस्टर : ०
एकूण : १५०३

"भाऊ, तयार पेडल पंधराशेचं होतं," मी म्हटलं. "तीन रुपये जास्तच गेले."

"सर, तुमी अर्धीच वही वाचून राहिले." त्यांनी वही माझ्याकडे वळवली. उजव्या बाजूला, 'जमा'च्या खाली, एकच ओळ होती :

रेडिओ, नग १. जुनाच. चालू.